बेलारूसी आणि स्वीडिश : मराठी जिभेला आणि कानाला काय सोपं, काय अवघड

उत्तरायणी (धागाकर्ता)

बेलारूसी ही पूर्व स्लाव्हिक, म्हणजे युक्रेनियन आणि रशियनची सख्खी बहीण. स्वीडिश उत्तर जर्मॅनिक, नॉर्वेजियन आणि डॅनिशच्या घरातली. दोघींना शेजारी ठेवायचं कारण म्हणजे त्यांचा अवघडपणा अगदी उलट्या बाजूंना आहे. स्वीडिशमध्ये क्रियापद पुरुष-वचनाप्रमाणे बदलत नाही, नामाला विभक्त्या जवळपास नाहीत. त्रास देतात ते उच्चार, सूर आणि शब्दक्रम. बेलारूसी बऱ्यापैकी लिहिल्याप्रमाणे वाचता येते, पण नामाला सहा विभक्त्या, तीन लिंगं, आणि आघात (अक्षरावरचा जोर) सरकला की स्वरही बदलतो.

अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था स्वीडिशला साधारण २४ ते ३० आठवडे आणि रशियन-पोलिशसारख्या स्लाव्हिक भाषांना ४४ आठवडे धरते. हा हिशोब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा आहे. मराठी माणसाने तो जसाच्या तसा उचलू नये, कारण आपल्याला दोन्हीकडे काही गोष्टी आयत्या मिळतात आणि इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं त्यांबद्दल बोलत नाहीत. त्याच गोष्टी इथे गोळा करू.

सुरुवात नात्यापासून. आद्य इंडो-युरोपीय भाषेतला एक 'क' संस्कृतात 'श' झाला, स्लाव्हिकमध्ये 'स' झाला, जर्मॅनिकमध्ये 'ह' झाला. म्हणून 'शत'ला बेलारूसीत 'स्तो' आणि स्वीडिशमध्ये 'हुन्द्रा'. या वाटणीत बेलारूसी आपल्या बाजूची आहे. अग्नी तिकडे 'आग़ोन'; स्वीडिश 'एल्द'चा त्याच्याशी संबंध नाही. काही शब्द तिघींत टिकले : द्वार, 'द्झ्वेरि', 'डोर', नाम, 'इम्या', 'नाम्न', भ्राता, 'ब्रात', 'ब्रूर'.

लेखनाबद्दल : सगळी उदाहरणं देवनागरीत देऊया. 'ग़' म्हणजे घशातून घासत येणारा, ग आणि ह यांच्या मधला बेलारूसी वर्ण. 'झ' म्हणजे 'झेड'मधला. 'व्' म्हणजे ओठ गोल करून अर्धवट सोडलेला आखूड उ, त्यावर पुढे कोणीतरी सविस्तर लिहीलच.

---

मूर्धन्य

स्वीडिश उच्चारापासून सुरू करतो, कारण इथे मराठी माणसाचं घबाड आहे आणि तिथेच मोठी चूकही होते.

घबाड असं. स्वीडिशमध्ये 'र'च्या पुढे त, द, न, ल, स आले की दोन्ही मिळून एक मूर्धन्य वर्ण होतो : ट, ड, ण, ळ, ष. लिहितात 'बार्न' (मूल), म्हणतात 'बाण'. लिहितात 'बूर्द' (टेबल), म्हणतात 'बूड'. 'पॅर्ला' (मोती) होतो 'पॅळा', आणि 'कार्ल' हे नाव 'काळ'. शब्दांच्या सीमेवरही हेच घडतं : 'हार दू' (तुझ्याकडे आहे का) बोलताना 'हा डू' होतं. इंग्रजी किंवा फ्रेंच भाषकांना यासाठी आठवडे घासावे लागतात. आपण फक्त जीभ फार मागे वळवायची नाही, मराठी 'ट'पेक्षा किंचित पुढे टेकवायची. 'ष' मात्र जपून, कारण रोजच्या मराठीत आपण ष आणि श एकच करून टाकलेत. 'कॉर्स' (क्रूस) हा 'कॉष' आहे, 'कॉश' नाही.

आता चूक. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे रोमन 'टी' दिसला की आपण 'ट' म्हणतो. स्वीडिशचा साधा त आणि द दंत्य आहे. आपण 'स्टॉकहोम' लिहितो. तिथले लोक दाताला जीभ लावून 'स्तॉकहोल्म' म्हणतात. शब्दाच्या सुरुवातीला आघात असेल तर प, त, क महाप्राण होतात, म्हणून छपराला म्हणायचं 'थाक'. तिथे 'टाक' म्हटलंत तर ऐकणाऱ्याला आधी एक 'र' असल्याचा भास होतो. 'स'नंतर मात्र महाप्राण नाही.

तिसरी गोष्ट ऱ्हस्व-दीर्घ. आघाताच्या अक्षरात एक तर स्वर लांब किंवा पुढचं व्यंजन लांब, दोन्ही एकदम नाहीत. 'थाऽक' छप्पर, 'थक्क' धन्यवाद. 'ग्लाऽस' पेला, 'ग्लस्स' आइस्क्रीम. मराठीत 'पका' आणि 'पक्का' जसे वेगळे काढतो तसंच. इथे घाई केली की अख्खं वाक्य कळेनासं होतं, कारण स्वीडिश कान व्यंजनापेक्षा लांबीवर जास्त भरवसा ठेवतो.

---

साधा_वाचक

दक्षिण स्वीडनमध्ये हे ट-ड ऐकू येत नाहीत असं वाचलं आहे. आणि त्या प्रसिद्ध 'शे'च्या आवाजाचं काय? कोणी 'ख' म्हणतं, कोणी 'श'.

---

मूर्धन्य

बरोबर. स्कोने भागात 'र' पडजिभेपाशी बोलतात, त्यामुळे तो त-द-न मध्ये मिसळत नाही. तिथे 'बार्न' हा 'बार्न'च.

तुम्ही म्हणता तो आवाज : ओठ गोल, जिभेचा मागचा भाग वर, आणि त्या फटीतून 'ख'सारखी घासती हवा. मध्य स्वीडनमध्ये असाच ऐकू येतो. उत्तरेकडे आणि फिनलंडच्या स्वीडिशमध्ये तो ष-शकडे झुकतो, त्यामुळे मराठी माणसाने सरळ 'ष' वापरला तरी कुणी अडणार नाही. अट एकच : दुसरा एक आवाज आहे, तो आपला 'शेंडी'तला श आहे. 'शॉक्क' म्हणजे जाड, आणि 'षॉक्क' म्हणजे धक्का. हे दोन एकमेकांत मिसळू देऊ नका.

क, ग, स्क यांच्या पुढे इ, ए, ॲ, ओठ गोल केलेला इ किंवा ओठ गोल केलेला ए आला की ते मऊ होतात. अशा ठिकाणी 'क' लिहिलेला असला तरी उच्चार 'श', 'ग' लिहिलेला असला तरी 'य'. परकीय शब्दांत अपवाद सापडतात, पण नियमावर विसंबून चालायला हरकत नाही.

---

शब्दवेल्हाळ

बेलारूसीकडे वळते. ही लिपी शिकायला सिरिलिक असूनही सुटसुटीत आहे, ३२ अक्षरं. रशियन येणाऱ्यांना तीन फरक लगेच दिसतात : 'इ'साठी रोमन आयसारखं अक्षर, 'श्च'चं स्वतंत्र अक्षर नाही, आणि डोक्यावर अर्धचंद्र असलेला आखूड उ. हा अर्धचंद्रवाला उ दुसऱ्या कुठल्याही स्लाव्हिक भाषेच्या प्रमाण लिपीत नाही.

तो कसा चालतो ते नीट बघा. 'मध्ये' या अर्थाचं अव्यय 'उ' आहे. 'तो मिन्स्कमध्ये' : 'योन उ मीन्स्कु'. 'ती मिन्स्कमध्ये' : 'याना व् मीन्स्कु'. आधीचा शब्द स्वरान्त असला की उ आखडतो, मध्ये स्वल्पविराम किंवा थांबा आला की पुन्हा पूर्ण होतो. म्हणजे एकच अव्यय कसं लिहायचं हे शेजारी ठरवतो. नवशिके इथेच जास्त अडखळतात, आणि उपाय नियम पाठ करण्याचा नाही, मोठ्याने वाचण्याचा आहे. 'व' आणि 'ल' असलेल्या जुन्या शब्दांतही हाच आवाज शिरला : लांडगा 'वोव्क', 'होता' 'बिव्'.

दुसरं आकान्ये. आघात नसलेला 'ओ' लिहिण्यातही 'आ' होतो. दूध 'मालाको' : शेवटच्या अक्षरावर आघात, म्हणून तिथला ओ टिकला, आधीचे दोन आ झाले. रशियनमध्ये उच्चार असाच बदलतो पण लिहिताना ओ ठेवतात. बेलारूसी जसं बोलते तसं लिहिते. डोकं 'ग़ालावा', डोकी 'ग़ालोवि', आणि 'डोक्यांचं' 'ग़ालोव्'. एकाच शब्दाच्या तीन रूपांत स्वर बदलला आणि शेवटचा व आखडला. शब्दकोशात 'ग़ालोव्' शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही.

'ए'चं गणित आणखी बारीक आहे. तो आघाताच्या लगेच आधीच्या अक्षरात असेल तरच 'या' होतो. जंगल 'ल्येस', जंगलं 'ल्यासि', पण वनात राहणारं भूत 'लेसाविक', कारण तिथे आघात दोन अक्षरं पुढे गेला. एवढं उदाहरण पक्कं केलंत की नियम आपोआप डोक्यात बसतो.

मराठी माणसाचा फायदा? आपल्या 'चमचा'तला च आणि 'जहाज'मधला ज. बेलारूसीत मऊ त चा 'त्स' आणि मऊ द चा 'द्झ' होतो : दहा 'द्झेस्यात्स', दिवस 'द्झेन'. हिंदीभाषकाला हा आवाज मुद्दाम शिकावा लागतो, आपल्या तोंडात तो आधीपासून आहे, फक्त थोडा 'य' मिसळून मऊ करायचा. हाच बदल रूपं चालवताना येतो : शहर 'ग़ोराद', शहरात 'उ ग़ोराद्झे'. तसंच रुका (हात) 'रुत्से', नाग़ा (पाय) 'नाझे'.

आणि एक सुंदर साम्य. आघातयुक्त ओ-उ ने सुरू होणाऱ्या शब्दांना बेलारूसी आधी 'व' लावते : डोळा 'वोका', कान 'वुखा', तळं 'वोझेरा'. आपण बोलताना ओठाला 'वठ', ओढ्याला 'वढा' म्हणतो, अगदी त्याच सवयीने.

---

रानवेली

व्याकरणाबद्दल लिहितो, कारण 'सहा विभक्त्या' ऐकून लोक पळतात. मराठीत सामान्यरूप आहे. 'घोडा'चं 'घोड्या' करून मग 'ला, ने, चा, त' लावायची सवय ज्याला आहे, त्याला नाम बदलतं या कल्पनेचं ओझं नसतं. बेलारूसीत प्रत्यय आणि रूप एकजीव झालेलं असतं एवढाच फरक.

वाक्यरचनेत तर मराठी आणि बेलारूसी कमालीच्या जवळ आहेत. 'मला आवडतं' : 'म्न्ये पादाबायेत्सा'. 'मला थंडी वाजते' : 'म्न्ये खोलाद्ना'. 'माझ्याकडे आहे' : 'उ म्याने योस्त्स'. तिन्हीकडे अनुभवणारा कर्ता नाही. स्वीडिशमध्ये याच जागी सरळ 'मी' येतो : मी गोठतो, मी पसंत करतो, मी बाळगतो. बेलारूसीत 'मायू' (माझ्याकडे आहे) असं क्रियापदही वापरात आहे, रशियनपेक्षा कितीतरी जास्त.

भूतकाळ पाहा : तो वाचत होता 'चिताव्', ती 'चिताला', ते अनेकजण 'चिताली'. पुरुष नाही, लिंग-वचन दिसतं. 'गेला, गेली, गेले' म्हणणाऱ्याला हे परकं वाटूच नये. मराठीचा ल प्राकृतातल्या 'इल्ल' प्रत्ययाकडून आला आणि स्लाव्हिकचा जुन्या कृदन्ताकडून, त्यामुळे उगम एक धरू नका. पण सवय एकच आहे.

अवघड जागा क्रियेच्या पूर्णत्वाची. प्रत्येक कामाला दोन क्रियापदं : लिहीत राहणं 'पिसात्स', लिहून काढणं 'नापिसात्स'. मराठीत आपण 'लिहून टाकणं, वाचून काढणं' असं दुसरं क्रियापद जोडतो, तिथे बहुधा उपसर्ग येतो. मात्र पूर्ण क्रियापदाचं वर्तमानकाळी रूप भविष्याचा अर्थ देतं, आणि नवशिका तिथे हटकून फसतो. जोड्या एकदमच पाठ कराव्यात. घेणं 'ब्रात्स' आणि 'उझ्यात्स', यांत तर मूळही एक नाही.

संख्येत रशियनची सवय आणू नका. दोन, तीन, चार यांच्यासोबत बेलारूसीत प्रथमेचं अनेकवचन येतं : 'द्वा स्तालि' (दोन टेबलं). पाचपासून षष्ठी : 'प्यात्स स्तालोव्'.

---

साधा_वाचक

स्वीडिशमध्ये म्हणे एकाच शब्दाला दोन सूर असतात. पंजाबीसारखं आहे का?

---

उत्तरायणी

पंजाबीसारखं म्हणण्यापेक्षा असं म्हणा की आघाताला दोन चाली आहेत. 'आन्देन' पहिल्या चालीत म्हटलं तर 'ते बदक', दुसऱ्या चालीत 'तो आत्मा'. 'तॉम्तेन' तसंच : ती जागा, किंवा नाताळचा तो दाढीवाला. दुसऱ्या चालीला स्टॉकहोमकडे आवाज दोनदा चढतो. फिनलंडच्या बहुतेक स्वीडिशमध्ये हा भेद नाहीच, तरी संवाद अडत नाही, म्हणून घाबरू नका.

शिकायचं असेल तर शब्द सुटे पाठ करू नका, साचे धरा. मूळ शब्द एकाक्षरी असून फक्त निश्चयाचा (इंग्रजी 'द'च्या अर्थाचा) प्रत्यय लागला तर पहिली चाल. मूळ दोन अक्षरी असेल तर बहुधा दुसरी. 'एर' वर्तमान असलेली क्रियापदं पहिल्या चालीत, 'आर' असलेली दुसऱ्या. जोडशब्द मध्य स्वीडनमध्ये जवळपास सगळे दुसऱ्या.

प्रत्ययाचा विषय निघालाच तर : स्वीडिश निश्चय शेपटाला लावते. घर 'हूस', ते घर 'हूसेत', आणि विशेषण आलं की निश्चय दोनदा : 'दे स्तूरा हूसेत'. बेलारूसीत निश्चय दाखवणारं काहीच नाही, मराठीसारखंच. लिंगं स्वीडिशमध्ये दोन उरली, आणि सुमारे तीन-चतुर्थांश नामं 'एन' गटातली. उरलेली 'एत' नामं नीट पाठ करणं हाच मार्ग, कारण विशेषणही त्यावर बदलतं.

---

शब्दवेल्हाळ

'आपला'वर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण इथे मराठी आणि स्वीडिश एका बाजूला, हिंदी आणि बेलारूसी दुसऱ्या बाजूला पडतात.

स्वीडिश : 'हून लेसेर सिन बूक', ती आपलं पुस्तक वाचते. 'सिन'च्या जागी 'हेन्नेस' म्हटलं की पुस्तक दुसऱ्याच बाईचं. पण 'मी'सोबत 'सिन' चालत नाही, 'मिन' म्हणजे 'माझं' लागतं. मराठीतही आपण 'ती आपलं पुस्तक वाचते' म्हणतो पण 'मी माझं पुस्तक वाचतो'. बेलारूसीत तिन्ही पुरुषांना 'स्वोय' : 'या चितायू स्वायू क्नीग़ू', हिंदीतल्या 'मैं अपनी किताब पढ़ता हूँ'सारखं. मराठी भाषक बेलारूसीत 'मायू क्नीग़ू' (माझं पुस्तक) म्हणतो; अर्थ कळतो, पण सहज बोलण्यात कर्त्याच्या वस्तूला 'स्वोय'च येतो.

दुसरी गंमत क्रियापदाच्या शेवटी. स्वीडिश 'स्' आणि बेलारूसी 'स्या/त्सा' ही दोन्ही 'स्वतःला' या जुन्या सर्वनामाची झिजलेली शेपटं. दोघींत आशा करणं असंच : 'हॉप्पास', 'स्पाद्झ्यावात्सा'. एकमेकांना भेटणं : 'त्रेफ्फास', 'सुस्त्राकात्सा'. स्वीडिशने त्याच शेपटातून कर्मणी प्रयोगही उभा केला, 'बूकेन लेसेस' म्हणजे पुस्तक वाचलं जातं.

---

मूर्धन्य

स्वीडिशमध्ये मराठी माणूस सर्वांत जास्त कुठे चुकतो? क्रियापदाच्या जागेत. साध्या विधानाच्या मुख्य वाक्यात क्रियापद नेहमी दुसऱ्या स्थानी. 'काल मी पुस्तक वाचलं'चं 'इगोर लेस्ते या एन बूक', शब्दशः 'काल वाचलं मी एक पुस्तक'. 'इगोर या लेस्ते' हे ताबडतोब परकं ऐकू येतं. गौण वाक्यात उलट : 'नाही' हा शब्द क्रियापदाच्या आधी जातो. 'या कॉमर इन्ते' (मी येत नाही), पण 'अत्त या इन्ते कॉमर' (की मी येत नाही). सराव करताना प्रत्येक वाक्य तीन प्रकारे लिहा : कर्त्याने सुरू, वेळेने सुरू, 'की' लावून.

आणि जोडशब्द तोडू नका. परिचारिकेचा शब्द जोडून लिहिला तर परिचारिका, तोडून लिहिला तर 'आजारी सेविका'.

बेलारूसीत शब्दक्रम मोकळा आहे, शेपूटच सांगतं कोण कर्ता.

---

रानवेली

शब्दसंपत्तीत एक छान धागा सापडतो. दोघींनी जर्मनकडून भरपूर घेतलं, पण वेगवेगळ्या दारांनी. स्वीडिशने हान्सा या उत्तर युरोपातल्या जुन्या व्यापारी संघाच्या व्यापाऱ्यांच्या उत्तरी, सखल प्रदेशातल्या जर्मनकडून. बेलारूसीने बहुतांशी पोलिशमार्गे, वरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या, जर्मनकडून. वीट स्वीडिशमध्ये 'तेगेल', बेलारूसीत 'त्सेग़्ला'. दोघींचं मूळ लॅटिन 'तेगुला'. वरच्या जर्मनमध्ये सुरुवातीच्या त चा 'त्स' झाला, उत्तरेत झाला नाही, आणि तो फरक जसाच्या तसा या दोन शब्दांत गोठला. रंग 'फॅर्य' आणि 'फार्बा', व्यापार 'हान्देल' आणि 'ग़ान्दाल', खडू 'क्रीता' आणि 'क्रेय्दा'.

थेट नॉर्डिक देणंही आहे. हेरिंग मासा बेलारूसीत 'सेल्याद्झेत्स', जुन्या नॉर्डिक 'सील्द'कडून. जहाजाचा नांगर 'याकार' हाही तिकडचाच. दहाव्या शतकातला, आजच्या बेलारूसमधल्या पोलात्स्कचा राजा राग़वालोद आणि त्याची मुलगी राग़्नेदा, दोघांची नावं नॉर्डिक घडणीची.

---

साधा_वाचक

पण बेलारूसमध्ये रशियन चालते. मग बेलारूसी शिकून व्यवहारात काय मिळणार? स्वीडिशला निदान नोकरी आहे.

---

शब्दवेल्हाळ

रस्त्यावर रशियन चालते हे खरं. २००९च्या जनगणनेत ५३.२ टक्क्यांनी बेलारूसी मातृभाषा सांगितली, घरी बोलणारे मात्र २३.४ टक्के. १९९०च्या कायद्याने ती एकमेव राजभाषा झाली होती, १९९५च्या सार्वमतानंतर रशियन तिच्या बरोबरीला आली. बरोबरी कागदावर, कचेऱ्या आणि शाळा रशियनकडे.

पण या भाषेला 'खेडवळ बोली' समजणाऱ्यांनी इतिहास पाहावा. बेलारूसी मुद्रक फ्रान्त्सिस्क स्कारिनाने प्रागमध्ये १५१७ साली छपाई सुरू केली. त्याच्या चर्च स्लाव्होनिकमध्ये (स्लाव्ह चर्चच्या जुन्या धर्मभाषेत) बेलारूसी छटा स्पष्ट आहेत. स्वीडिश नवा करार छापला गेला १५२६ साली. बेलारूसचा प्रदेश ज्यात होता त्या लिथुआनियाच्या महाडची या राज्याचे १५२९, १५६६ आणि १५८८चे कायदे जुन्या बेलारूसीत लिहिलेले आहेत. १६९६ साली दरबारी कामातून ती काढून पोलिश आणली गेली. स्वीडिशच्या पाठीशी मात्र १७८६ पासून अकादमी उभी आहे आणि २००९ पासून स्वतंत्र भाषा कायदा. आधुनिक बेलारूसीचं पायाभूत व्याकरण १९१८ साली ब्रानिस्लाव तराश्केविचने लिहिलं, आणि १९३८ साली सोव्हिएत राजवटीने त्याला गोळी घालून ठार केलं. जिला इतकं सोसावं लागलं ती भाषा नोकरीच्या तराजूत तोलायची मला तरी इच्छा नाही.

---

उत्तरायणी

शिकायला बसणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी.

बेलारूसीची दोन लेखनपद्धती आहेत हे पहिल्याच दिवशी समजून घ्या. १९३३च्या सुधारणेवर आधारलेली अधिकृत, जिचे आजचे नियम २००८च्या कायद्याने ठरले आणि १ सप्टेंबर २०१० पासून लागू झाले. आणि तराश्केविचच्या नावाची जुनी. अधिकृत 'प्लान', 'क्लास'. जुन्या पद्धतीत 'प्ल्यान', 'क्ल्यासा'. जुनीत मऊपणाचं चिन्हही जास्त ठिकाणी लिहितात. विकिपीडियासुद्धा दोन आहेत. सहा महिने एकच धरा, नाहीतर शब्दकोश आणि पुस्तक जुळत नाहीत.

कळफलक बेलारूसीच निवडा. रशियन कळफलकावर जिथे 'श्च' असतो तिथे आखूड उ येतो, आणि 'इ'च्या जागी त्यांचा इ. रशियन कळफलकावर रोमन आय आणि साधा उ टाकून काम भागवलंत तर शोधयंत्राला शब्द सापडत नाहीत.

ऐकण्यासाठी देशाबाहेरून चालणारी वाहिनी बेलसात आणि रेडिओ स्वाबोदा यांचं बेलारूसी साहित्य भरपूर आहे. पण बेलारूसमध्ये २०२१ पासून दोन्ही 'अतिरेकी' ठरवलेली आहेत. तिथे प्रवास करताना फोनवर त्यांची सदस्यता किंवा पाठवलेले दुवे ठेवू नका, त्यावरून शिक्षा होते.

स्वीडिशसाठी 'स्वेन्स्का डॉट एसई'वर अकादमीचे तिन्ही कोश फुकट आहेत. नामाचं लिंग, अनेकवचन आणि उच्चार तिथेच पाहा. स्वीडनमध्ये राहायला गेलात तर पालिकेचे स्थलांतरितांसाठीचे मोफत वर्ग असतात, ए ते डी अशा चार पायऱ्यांचे. आणि जुन्या स्वीडिश पुस्तकांत बेलारूसीला 'वीत्रिस्का' म्हटलेलं दिसेल, आता 'बेलारूसिस्का' लिहितात; तिथल्या परराष्ट्र खात्याने देशाचं नाव २०१९ साली बदलून घेतलं. कोशात किंवा ग्रंथालयात शोधताना दोन्ही नावं टाका.